दाबोळी: विमानतळ आधी, नौदल मागाहून

दाबोळीच्या विमानतळाबद्दल गोव्यात दोन वाक्यं कायम ऐकू येतात. पहिलं असं, की हा मूळचा लोकांचा विमानतळ, नेव्हीनं तो घेतला आणि नंतर सोडलाच नाही. दुसरं असं, की हा नौदलाचा तळ आहे, प्रवासी विमानांना तिथं उतरू देतात हीच मेहेरबानी. वास्कोच्या हॉटेलात, पणजीच्या कचेऱ्यांत, विधानसभेच्या चर्चेत, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत ही दोन वाक्यं साठेक वर्षं एकमेकांवर आदळत आहेत. मोपा सुरू झाल्यापासून त्यांना आणखी धार आली. दोन्ही वाक्यांत थोडंथोडं खरं आहे, पण दोन्ही बोलणारे लोक १९६१ आणि १९६२ या दोन सालांवरून घाईघाईनं पुढं जातात. त्या दोन सालांवर जरा थांबावं, म्हणून हे टिपण.

सुरुवात मात्र १९५५ पासून करावी लागते. मे १९५५ मध्ये मुरगाव तालुक्यातल्या दाबोळीच्या पठारावर पोर्तुगीज सरकारनं धावपट्टी सुरू केली आणि तिला तेव्हाचे गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं. जागा नकाशावर बघितली तर निवड लगेच पटते. खाली एका अंगाला झुआरीचं मुख आणि मुरगावचं बंदर, दुसऱ्या अंगाला बोगमाळोचा समुद्र आणि मधे सपाट, जांभ्या दगडाचं पठार. बंदर, रेल्वेचं शेवटचं स्टेशन आणि विमानतळ ही तिन्ही काही मैलांच्या आत. साडेचारशे वर्षं समुद्राच्या जिवावर राज्य करणाऱ्या सत्तेला आकाशाची आठवण एवढ्या उशिरा झाली, याचं कारण समुद्रापेक्षा जमिनीवर होतं.

स्वतंत्र भारतानं गोव्याभोवतीचा वेढा १९५३-५४ पासून आवळायला घेतला होता. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही हद्द ओलांडून आत आले, पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मारली गेली. त्यानंतर कॅसलरॉकवरून मुरगावला येणारी मीटरगेज गाडीही थांबली. १८८८ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग म्हणजे गोव्याची देशाशी जोडलेली नाळ, आणि ती तुटली. म्हणजे भिंत पूर्ण चढायच्या तीन महिने आधीच पोर्तुगीजांनी छपरातून दार काढून ठेवलं होतं. पुढची सहा वर्षं बटाटे हॉलंडहून आले, सिमेंट जपानहून आलं. तो माल बोटीनं यायचा. माणसं, टपाल आणि सरकारी कागद यांच्यासाठी मात्र दाबोळी होतं.

त्यासाठी खास विमान कंपनी काढली गेली. तिचं नाव ‘ट्रान्सपोर्तीश आएरियुश दा इंदिया पोर्तुगेझा’, संक्षेपात टी.ए.आय.पी. दमण, दीव आणि कराची हे तिचे नेहमीचे पल्ले. भारतावरून उडायची सोय नाही, तेव्हा शेजारात एकच दार उघडं राहिलं होतं ते पाकिस्तानचं. कराचीत गोंयकारांची जुनी, भरलेली वस्ती होती, त्यामुळे हा पल्ला नुसता राजकारणाचा नव्हता, घरोब्याचाही होता. पुढे मोठी विमानं आली आणि टी.ए.आय.पी.चा प्रवास लिस्बनपर्यंत लांबला.

आता प्रश्न असा, की याला नागरी विमानतळ म्हणायचं का? तिकीट काढून प्रवासी जात होते, टर्मिनलची इमारत होती, कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे विमानं उडत होती. या अर्थानं हो. पण कंपनी वसाहतीच्या सरकारची, हेतू वेढा फोडण्याचा, आणि त्याच विमानांतून अधिकारी आणि लष्करी माणसंही ये-जा करणार हे उघडच. पोर्तुगीजांनी गोव्यात लढाऊ विमानं ठेवलीच नव्हती, हे खरं. तेव्हा लष्करी तळ म्हणता येणार नाही. पण आजच्या अर्थानं ‘लोकांचा विमानतळ’ म्हणणं हेही जरा जास्तच होतं. सरकारी गरजेतून निघालेली आणि प्रवाशांना उघडी असलेली धावपट्टी, एवढंच सरळ म्हणावं.

१८ डिसेंबर १९६१ ची सकाळ गोव्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे आपापल्या परीनं साठवलेली आहे. दाबोळीपुरतं बोलायचं तर पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे या तुकडीचं नेतृत्व होतं. मागाहून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या हाताखाली आणखी आठ कॅनबेरा आली. तिकडे बेळगावच्या सांबऱ्याहून सहा हंटर उठली आणि त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. बेळगावच्या वाचकांना हे माहीत असेलच, पण गोव्यात फार लोकांना ठाऊक नसतं, की गोवा मुक्तीचा हवाई भाग अर्धा लोहगावहून आणि अर्धा सांबऱ्याहून लढला गेला. त्या दोन्ही तळांवरून आज प्रवासी विमानं उडतात, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

या हल्ल्यातला एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हवाई मोहिमेची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्यावर होती. हे स्वतः मूळ गोव्याचे. मोहिमेच्या आदेशात दाबोळीबद्दल स्पष्ट अट होती: धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलची इमारत आणि विमानतळाच्या इतर सोयींना धक्का लावू नका. दोन्ही हल्ल्यांत ती अट पाळली गेली. इतके टन बॉम्ब पडून इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे दाबोळी जिंकायच्या आधीच, ते जिंकल्यावर आपल्याला वापरायचं आहे, असं दिल्लीनं ठरवून ठेवलं होतं. कुणी वापरायचं, ते मात्र त्या आदेशात नव्हतं.

त्या दिवशी दोन मोठी विमानं दाबोळीच्या फलाटावर उभी होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं सुपर कॉन्स्टलेशन, दुसरं टी.ए.आय.पी.चं डीसी-६. इमारती वाचवायच्या होत्या म्हणून ही दोन्हीही वाचली. रात्री अंधारात धावपट्टीवरचे खड्डे जमतील तेवढे भरून, उरलेल्या लांबीवरून ही दोन्ही विमानं काही अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन उडाली आणि कराचीला पोचली. वैमानिकी म्हणून हे धाडस मोठंच. टी.ए.आय.पी.चा दाबोळीवरून झालेला शेवटचा प्रवास तो. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी वास्कोलाच शरणागती दिली, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर.

आणि आता १९६२.

मुक्तीनंतर गोव्यात सहा महिने लष्करी प्रशासन होतं. मेजर जनरल के. पी. कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १९६२ मध्ये, दाबोळी नौदलाकडे सोपवलं गेलं. जूनमध्ये लष्करी राजवट संपून नायब राज्यपालांचा कारभार आला. गोव्याची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. या तारखा एकाखाली एक मांडल्या, की वादाचं मूळ दिसतं. गोव्यातल्या सगळ्यांत मोलाच्या सार्वजनिक मालमत्तेपैकी एक, तिचं काय करायचं हे ठरलं तेव्हा गोव्याला विधानसभा नव्हती, मंत्रिमंडळ नव्हतं, लोकसभेत निवडून गेलेला खासदार नव्हता. बांदोडकरांच्या सरकारला दाबोळी मिळालं ते आधीच नौदलाचं झालेलं.

हे वाचून कुणी लगेच नौदलाला लबाड ठरवेल, तर तेही बरोबर नाही. नौदलाची निकड खरी होती. विक्रांत ही पहिली विमानवाहू नौका मार्च १९६१ मध्ये ताफ्यात आली होती. बोटीवरची विमानं बोट बंदरात असली की किनाऱ्यावर ठेवावी लागतात, वैमानिकांचा सराव किनाऱ्यावर करावा लागतो. कोचीनचा गरुड तळ होता, पण तो लांब दक्षिणेला. आणि आय.एन.एस. हंसा हा तळ सप्टेंबर १९६१ मध्ये कुठं सुरू झाला होता? कोइम्बतूरजवळ सुलूरला, समुद्रापासून दूर! नौदलाची लढाऊ विमानं डोंगराआड ठेवायची पाळी आली होती. अशा वेळी पश्चिम किनाऱ्याच्या मध्यावर, बंदराच्या डोक्यावर, लांब धावपट्टी असलेलं पठार रिकामं झालं. १९६४ मध्ये हंसा सुलूरहून दाबोळीला हलली, सी हॉक आणि अलिझे विमानं आली. मग १९७७ मध्ये पाणबुड्या शोधणारी इल्यूशिन-३८, १९८३ मध्ये सी हॅरियर, २०१० मध्ये मिग-२९के. प्रत्येक नव्या विमानाबरोबर नौदलाची मुळं खोल जात गेली.

तेव्हा ‘घेतला’ हा शब्द मी वापरणार नाही. ‘सोपवला’ हा अचूक शब्द आहे. पण सोपवणारे आणि घेणारे दोघेही गणवेषातले होते, आणि ज्यांच्या गावचं पठार होतं त्या दाबोळी-चिखलीकरांना कुणी विचारल्याचं काही दिसत नाही, हेही त्याच वाक्यात यायला हवं.

इथं एक तुलना फार बोलकी आहे, आणि ती क्वचितच कुणी करतं. पोर्तुगीजांनी आपल्या हिंदुस्थानी वसाहतीत तीन धावपट्ट्या बांधल्या: दाबोळी, दमण आणि दीव. तिघींचा जन्म एकाच कारणासाठी, एकाच सरकारच्या हातून, टी.ए.आय.पी.च्याच विमानांसाठी. तिन्ही एकाच दिवशी भारताच्या ताब्यात आल्या. आज दाबोळी नौदलाकडे आहे, दमण तटरक्षक दलाकडे, आणि दीववर प्रवासी विमान उतरतं. म्हणजे मूळ काय होतं यावरून पुढं काय होणार हे ठरत नाही. जागा कुठं आहे आणि त्या घडीला कुणाला तिची गरज होती, यावर ते ठरतं.

सांबरा आणि लोहगावची गोष्ट उलटी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांच्या हवाई दलासाठी तयार झालेले हे तळ. ग्वाल्हेरचं महाराजपूरही त्याच काळातलं. तिथं लष्कर पहिल्यापासून मालक आणि प्रवासी मागाहून आलेले पाहुणे. त्यामुळे पुणेकर, बेळगावकर किंवा ग्वाल्हेरकर विमानाच्या वेळांवरून कुरकुरले तरी ‘आमचा विमानतळ परत द्या’ असं म्हणत नाहीत. गोव्यात ते म्हटलं जातं. सोय-गैरसोय जवळपास सारखीच असूनही भांडणाचा सूर वेगळा आहे, आणि त्याचं कारण १९५५ ते १९६२ या सात वर्षांत दडलंय.

लष्करी तळावर प्रवासी वाहतूक चालते म्हणजे नेमकं काय चालतं, हे थोडं उलगडून सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांतले निम्मे लोक इथंच चुकतात. आपण टर्मिनलमध्ये शिरतो, बॅगा देतो, तपासणी होते, तो भाग भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. याला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात, म्हणजे तळाच्या कुंपणातला नागरी कोपरा. विमान उभं राहतं तो फलाटही त्यातच. पण विमान ढकलून बाहेर काढलं, की त्यापुढची धावपट्टी नौदलाची, वैमानिकाशी बोलणारा टॉवर नौदलाचा. परवानगी त्यांची, वेळ त्यांची. टर्मिनल कितीही मोठं बांधलं तरी धावपट्टीवर तासाला किती विमानं घ्यायची हे टर्मिनलच्या हातात नाही. ३ डिसेंबर २०१३ ला दाबोळीच्या नव्या भव्य टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हा लोकांना वाटलं आता कोंडी सुटली. हॉल मोठा झाला होता, एवढंच. नळ तोच ठेवून टाकी मोठी बांधावी, तसं.

कोंडी होती वेळेची. वर्षानुवर्षं आठवड्याचे पाच दिवस सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव असायची. त्यामुळे दिल्ली-मुंबईची सगळी विमानं दुपारी एकदम यायची. दुपारी दोन-तीनच्या सुमारास दाबोळीला उतरलेल्या कुणालाही तो देखावा आठवेल: तीन-चार विमानांची माणसं एकाच वेळी पट्ट्यापाशी, बाहेर टॅक्सीवाल्यांची हाक, आणि सकाळी इथंच शुकशुकाट. उरलेली विमानं रात्री. पहाटे तीनला सामान घेऊन बसलेली परदेशी जोडपी हे दाबोळीचं नेहमीचं चित्र होतं. सरावाच्या वेळेत सवलती हळूहळू मिळत गेल्या, पण प्रत्येक सवलत दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या दारात उभं राहून मिळवावी लागली.

दुसरी अडचण समांतर टॅक्सी ट्रॅकची. धावपट्टीच्या कडेनं तिच्याच लांबीचा रस्ता असला, की उतरलेलं विमान चटकन बाजूला होतं आणि मागच्याला जागा मिळते. असा पूर्ण लांबीचा रस्ता दाबोळीला नव्हता. धावपट्टी एकच. त्यामुळे तिच्यावर कुणाचं काही अडलं, की दोघांचंही अडतं. डिसेंबर २०१६ मध्ये एक प्रवासी विमान पहाटे उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरलं आणि दुपारपर्यंत सगळं ठप्प झालं. जानेवारी २०१८ मध्ये नौदलाचं एक मिग-२९के धावपट्टीबाहेर गेलं, तेव्हाही प्रवासी ताटकळले. एकदा याची पाळी, एकदा त्याची.

आणि हे सगळं होत असताना १ ऑक्टोबर २००२ विसरून चालत नाही. इल्यूशिन-३८ विमानांच्या पथकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून विमानं ओळीनं उडत होती. त्यातली दोन हवेतच एकमेकांवर आदळली. आतले बाराही नौसैनिक गेले, आणि खाली वस्तीत, रस्त्यावर, बांधकामावर असलेली काही माणसंही. वास्को आणि चिखलीत त्या दिवसाबद्दल बोलताना लोकांचा आवाज आजही खाली येतो. तळाशेजारी राहणं म्हणजे काय, हे विमानाच्या वेळापत्रकावरून भांडणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं. नेव्हीत नोकरीला लागलेली, नेव्हीला भाजी-मासळी पुरवणारी घरंही त्याच वस्तीत आहेत. तिथं ‘नौदल विरुद्ध जनता’ असा सरळ सामना कधीच नव्हता.

पर्यटनाकडे वळू. १९८३ हे साल मला या सगळ्या कहाणीचा मध्य वाटतो. त्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे राष्ट्रप्रमुख दिल्लीची बैठक आटपून गोव्यात आले आणि आग्वादला उतरले. जगभरच्या वर्तमानपत्रांत गोव्याचे किनारे झळकले. त्यासाठी रस्ते झाले, विमानतळाची डागडुजी झाली. महिन्याभरात, डिसेंबर १९८३ मध्ये, त्याच धावपट्टीवर नौदलाची पहिली सी हॅरियर विमानं इंग्लंडहून येऊन उतरली. एकाच मोसमात दाबोळीनं दोन वेगवेगळी भविष्यं स्वीकारली आणि त्यातलं एकही सोडलं नाही. १९८७ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीहून पहिलं चार्टर विमान आलं. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेनं चार्टर पर्यटनाला जोरदार विरोध केला. त्यांचे मुद्दे पाण्याचे, जमिनीचे, किनाऱ्यांचे होते आणि त्यांतले बरेच आज खरे ठरलेत. पण चार्टर थांबली नाहीत. मुंबईहून बोटीनं येणारा पाहुणा, मीटरगेजच्या गाडीनं दूधसागर बघत येणारा पाहुणा, हे दिवस मागे पडले. २०१८-१९ मध्ये दाबोळीवरून वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त प्रवासी गेले-आले. गोव्याच्या लोकसंख्येच्या पाचपट माणसं, एका उसन्या धावपट्टीवरून.

यातून मोपा निघालं. मार्च २००० मध्ये केंद्रानं पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर नव्या विमानतळाला तत्त्वतः मान्यता दिली, आणि त्या मान्यतेला एक शेपूट होतं: मोपा सुरू झालं, की दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद. या एका अटीनं गोव्याचे दोन भाग पडले. उत्तरेला मोपा हवं होतं, दक्षिणेला भीती वाटत होती. सासष्टी आणि मुरगावची हॉटेलं, टॅक्सीवाले, विमानतळावर हमाली करणारे, सामान चढवणारे, सगळ्यांचा रोजगार त्या अटीवर टांगलेला. पुढे ती अट काढली गेली, दोन्ही विमानतळ चालतील असं ठरलं. पण एकदा मनात बसलेली भीती कागद बदलल्यानं जात नाही.

भीतीला आधार होता. कोचीनला नौदलाच्या गरुड तळावरून प्रवासी विमानं उडत होती. जून १९९९ मध्ये नेडुंबासेरीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्यावरची प्रवासी वाहतूक थांबली. हैदराबादला २३ मार्च २००८ ला शमशाबाद सुरू झालं आणि निजामाच्या काळापासूनचं बेगमपेट नेहमीच्या प्रवाशांना बंद झालं. त्याच वर्षी मे महिन्यात बंगळूरचा जुना एच.ए.एल. विमानतळही तसाच सुटला. हैदराबादचे आपले मराठी वाचक सांगतील, बेगमपेट असताना स्टेशनावरून विमानतळ गाठायला किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो. नवा विमानतळ आला, की जुना जातो, असंच आपल्या देशात दिसत आलं होतं. दक्षिण गोव्यानं तेच पाहून हिशेब मांडला होता.

नरेंद्र मोदींनी नोव्हेंबर २०१६ मध्ये मोपाची पायाभरणी केली, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन केलं, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. नाव मनोहर पर्रीकरांचं. यातला योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. पर्रीकर २०१४ ते २०१७ देशाचे संरक्षणमंत्री होते, म्हणजे दाबोळीच्या धावपट्टीची चावी ज्या खात्याकडे, त्याच खात्याचे प्रमुख. गोव्याचा माणूस त्या खुर्चीत बसूनही दाबोळी नौदलाकडेच राहिलं, आणि त्यांच्या नावाचा विमानतळ चाळीसेक किलोमीटरवर दुसरीकडे झाला. खुर्चीत बसल्यावर विक्रमादित्यवरची मिग-२९के कुठं ठेवायची, हा प्रश्न त्यांच्याही समोर आला असणारच. दाबोळीच्या तळावर तोवर उंच वळणाची उतरंड बांधून झाली होती. नौकेवरच्या उड्डाणाचा सराव जमिनीवर करण्याची ही सोय. डिसेंबर २०१४ मध्ये तेजसच्या नौदल आवृत्तीनं तिच्यावरून पहिली झेप घेतली. असा तळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आज अवस्था अशी: दाबोळी चालू आहे, मोपा चालू आहे, आणि सीमेपलीकडे सिंधुदुर्गात चिपीची धावपट्टीही ऑक्टोबर २०२१ पासून आहे. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत तीन. काही कंपन्या दाबोळी सोडून मोपाला गेल्या, काही दोन्हीकडे आहेत. मोपाला दिवसरात्र धावपट्टी मोकळी, तिथं सकाळी सराव नसतो. दाबोळीला ती सोय नाही, पण मडगाव-वास्कोच्या माणसाला पेडण्याला जायचा टॅक्सीचा खर्च आणि दोन तास वाचतात. दाबोळी तगेल की नाही याचा निकाल बाजार लावील, असं जाणकार म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. ज्या जागेवर वेळ दुसऱ्याच्या हातात आहे, तिथं बाजाराला मोकळा निकाल लावता येतच नाही. दाबोळीला सकाळचे तास किती मिळतात, यावर अर्धा निकाल आहे, आणि ते ठरतं संरक्षण मंत्रालयात.

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं वैमानिकी संग्रहालय आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. अंगणात एक सुपर कॉन्स्टलेशन उभं आहे. १८ डिसेंबरच्या रात्री पळालेलं ते हेच, असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात. ते हे नव्हे. हे आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, शेवटी नौदलाचं. बनावट तीच, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. आत सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, विक्रांतच्या आठवणी सगळं नीट मांडलंय. जरूर बघावं. टी.ए.आय.पी.ची सहा वर्षं मात्र तुमच्या-आमच्या कपाटांतच शोधायला हवीत. मुरगाव, चिखली, दाबोळी भागातल्या घरांत त्या काळची तिकिटं, कराचीहून आलेली पत्रं, पठारावरच्या जमिनीसंबंधीच्या पोर्तुगीज नोटिसा, कोमुनिदादचे कागद, विमानतळावर कामाला असलेल्या आजोबांची ओळखपत्रं असतील. पोर्तुगीज वाचता येत नाही म्हणून ती टाकू नका. मंडळातले दोघे-तिघे ती वाचून देतात, मूळ कागद घरीच राहील, आम्ही फक्त छायाचित्र घेऊ. एप्रिल १९६२ च्या आसपास विमानतळावर नोकरीला असलेलं कुणी आजही हयात असेल, तर त्यांना भेटायला आम्ही स्वतः येऊ.